मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलांना होणारा काचबिंदू: आईवडिलांनी काय करायचं, कधी करायचं

तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू काढला, जाड चष्मा लागला, बाळ आजीच्या बांगड्यांकडे टक लावून बघायला लागलं, की घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'सुटलो एकदाचे!' पुढच्या दोन-तीन तपासण्या होतात आणि मग दवाखान्याच्या खेपा विरळ व्हायला लागतात. बाळ बघतंय, खेळतंय, मग एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने शहर कशाला गाठायचं, हा हिशेब कुणालाही कळण्यासारखा आहे. पण इथे तो महागात पडतो. तान्हेपणी मोतीबिंदू काढलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे काचबिंदू होतो, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस सुकायला लागते. मोतीबिंदूने अडवलेली नजर वेळेत ऑपरेशन झालं तर बऱ्याच अंशी मिळवता येते. नस सुकून गेलेली नजर कुणीही परत आणू शकत नाही.

धोका किती, याचा अंदाज एका अमेरिकन अभ्यासातून येतो. एकाच डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांची ऑपरेशनं सात महिन्यांच्या आत झाली आणि त्यांच्यावर पुढे दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पाच वर्षांनी सुमारे १७ टक्के मुलांना काचबिंदू झालेला होता, दहा वर्षांनी हा आकडा २२ टक्क्यांवर गेला. काचबिंदूचा नुसता संशय असलेली मुलंही धरली तर दहा वर्षांनी साधारण ४० टक्के. म्हणजे पाचव्या वर्षी सगळं ठीक असलेली काही मुलं पुढच्या पाच वर्षांत या यादीत आली. 'आता इतकी वर्षं झाली, आता काय होणार' या वाक्याला यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. याच अभ्यासात निम्म्या बाळांना ऑपरेशनच्या वेळीच डोळ्यात लेन्स बसवली होती आणि निम्म्यांना काँटॅक्ट लेन्स दिली होती. काचबिंदूच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यामुळे 'आमच्या बाळाला लेन्स बसवली आहे, आम्हाला भीती नाही' असं समजू नका.

हे होतं कशामुळे

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. तो बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जातो. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं, तसा ही जाळी नीट काम करेनाशी झाली की दाब वाढतो. काही वेळा हे ऑपरेशननंतर लगेच होतं. सूज येऊन बाहुली मागे चिकटते आणि द्रवाची वाट बंद होते, किंवा सूज उतरवण्यासाठी दिलेल्या स्टिरॉइड ड्रॉप्सनीच दाब चढतो. पण बहुतेक मुलांत काचबिंदू उशिरा, काही वर्षांनी येतो. तेव्हा कोपरा वरवर उघडा दिसतो, तरी जाळी काम करत नसते. असं का होतं, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. तान्ह्या बाळाची ही जाळी अजून घडत असते आणि त्याच काळात डोळ्यात ऑपरेशन होतं, याचा संबंध असावा असं मानतात.

धोका सर्वांना सारखा नसतो. ऑपरेशनच्या वेळी बाळ जितकं लहान, तितका धोका जास्त, आणि हे सगळ्यात मोठं कारण. त्याखालोखाल डोळा जन्मतःच लहान असणं, गर्भातल्या रक्तवाहिन्यांचा अवशेष डोळ्यात राहिलेला असणं, मोतीबिंदूचा काही भाग मागे राहणं, त्याच डोळ्यावर पुन्हा ऑपरेशन करावं लागणं. आईला गरोदरपणात रुबेला झाला असेल तर बाळाला मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही होऊ शकतो, शिवाय हृदय आणि कान तपासावे लागतात. (महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. आता ही लस नियमित लसीकरणात आहे. घरात दुसरं मूल असेल तर त्याचं कार्ड एकदा काढून बघा.)

हे वाचून कुणी म्हणेल, मग ऑपरेशन बाळ वर्षाचं झाल्यावरच करू. तसं करू नका. दाट मोतीबिंदू तसाच राहिला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. ती संधी पहिल्या दोन-तीन महिन्यांत निघून जाते. शक्य असेल तिथे डॉक्टर बाळ साधारण चार आठवड्यांचं होईपर्यंत थांबतात आणि त्यापुढे फार वेळ घालवत नाहीत. हा तोल त्यांना सांभाळू द्या. तुमचं काम पुढचं आहे.

पहिलं काम: डिस्चार्जच्या दिवशीच फाईल नीट करून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेकांकडून राहून जातं. काचबिंदू ओळखताना आजच्या एका आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या आणि वर्षापूर्वीच्या आकड्याशी तुलना करावी लागते. जुने आकडे हरवले असतील तर नवे डॉक्टर आंधळेपणाने सुरुवात करतात. फाईलमध्ये या गोष्टी आहेत का बघा, नसतील तर मागून घ्या:

- ऑपरेशनची तारीख, त्या दिवशी बाळाचं वय, कोणता डोळा, आत लेन्स बसवली की नाही, बसवली असेल तर तिचं स्टिकर
- डोळ्यातला दाब किती आला आणि कोणत्या यंत्राने, बाळ जागं असताना की भुलीत
- कॉर्नियाची रुंदी, म्हणजे काळ्या बुबुळावरच्या पारदर्शक भागाचं मिलिमीटरमधलं माप
- डोळ्याची लांबी, हेही मिलिमीटरमध्ये
- कॉर्नियाची जाडी, मोजली असेल तर
- नसेचा खळगा किती आहे ते (कागदावर ०.३, ०.४ असं लिहिलेलं असतं)
- चष्म्याचा किंवा काँटॅक्ट लेन्सचा नंबर

एक शंभरपानी वही घ्या, दर भेटीला एक ओळ. तारीख, उजव्या डोळ्याचा दाब, डाव्याचा, नंबर, चालू ड्रॉप्स. आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो आईच्या आणि बाबांच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर फिरणाऱ्या घरांत कागद पावसात भिजतात, पेटीत राहतात. फोटो असला तर कुठल्याही गावच्या डॉक्टरला दाखवता येतो.

पहिले सहा आठवडे: ड्रॉप्स

ऑपरेशननंतर साधारण तीन प्रकारचे ड्रॉप्स असतात. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड, आणि बाहुली मोठी राहावी म्हणून ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. स्टिरॉइड सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा घालायचं असतं आणि मग आठवड्या-आठवड्याला कमी करत बंद करायचं असतं. इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही घरी डोळा लाल नाही म्हणून पाचव्या दिवशीच बंद करतात. मग आत सूज राहते, बाहुली चिकटते. काही घरी उलट होतं. बाटली संपली की मेडिकलमधून दुसरी आणतात, 'डॉक्टरांनीच दिलेली आहे ना' म्हणून महिनोन् महिने घालत राहतात. मुलांच्या डोळ्यात स्टिरॉइडमुळे दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो, काहींना दोन-तीन आठवड्यांतच. आणि वरून काहीच दिसत नाही.

म्हणून डॉक्टरांकडून 'बंद करायची तारीख' लिहून घ्या. नुसतं 'कमी करत जा' हे चालणार नाही. ती तारीख कॅलेंडरवर गोल करा. संपल्यावर उरलेली बाटली टाकून द्या, नाहीतर दोन वर्षांनी डोळे आले म्हणून कुणीतरी कपाटातून काढून घालतं. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून डोळ्याचं औषध आणायचं नाही, हा नियम या मुलांसाठी कायमचा. दम्याच्या स्टिरॉइड पंपाबद्दल किंवा तोंडावर लावायच्या स्टिरॉइड मलमाबद्दलही डोळ्याच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

ड्रॉप घालायची रीत एकदा बसली की रोजची लढाई संपते. हात धुवा. बाळाला मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्या गुडघ्यांमध्ये, पाय तुमच्या पोटाकडे. दुसरं कुणी असेल तर हात धरायला सांगा, नसेल तर दुपट्यात गुंडाळा. खालची पापणी किंचित खाली ओढून एकच थेंब आत सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. बाळ डोळे घट्ट मिटून रडत असेल तर भांडू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यात मिटलेल्या डोळ्यावरच थेंब ठेवा, डोळा उघडला की तो आत जातो. नंतर नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबून एक-दोन मिनिटं धरा. यामुळे औषध नाकातून पोटात आणि रक्तात कमी जातं. पुढे दाबाचे ड्रॉप्स सुरू झाले तर ही सवय बाळाचा जीव सांभाळते. गालावर ओघळलेलं पुसून घ्या. दोन वेगळ्या ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

या काळात डोळा लाल होऊन घाण येत असेल, कॉर्निया धुरकट किंवा पांढरट दिसत असेल, बाळ एकाएकी दूध सोडून उलट्या करत असेल आणि डोळा उघडत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग असो वा चढलेला दाब, सोमवारची वाट बघण्याइतका वेळ कशातच नसतो.

तपासण्यांचं वेळापत्रक

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, अशी सुरुवात असते. पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी, पुढची काही वर्षं चार ते सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर निदान वर्षातून एकदा, आयुष्यभर. तुमच्या डॉक्टरांनी जवळची तारीख दिली असेल तर ती पाळा. तारीख देताना तुमची अडचण मोकळेपणाने सांगा. दसऱ्यानंतर कारखान्यावर जाणार असाल तर निघण्यापूर्वी एक तपासणी आणि परत आल्यावर एक अशी आखणी करून घ्या, मधल्या काळासाठी तिकडच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी मागा. लांबची तारीख देऊन ती चुकवण्यापेक्षा पाळता येईल अशी तारीख घेतलेली बरी.

खर्चाची विवंचना असेल तर गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत येतात आणि गरज असलेल्या मुलांना पुढे पाठवतात. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा, नंतर नको.

दाब नीट मोजून घ्यायचा दिवस

रडणाऱ्या, डोळे आवळणाऱ्या बाळाचा दाब खोटा वाढलेला येतो. त्यामुळे उगाच धास्ती बसते किंवा उगाच भूल द्यावी लागते. सहा महिन्यांच्या बाळाला ओपीडीत नेताना ते भुकेलं असू द्या. नंबर जवळ आला की सांगा, 'आता पाजते, पीत असताना मोजा.' बाळ ओढायला लागलं, डोळे अर्धे मिटले, की रिबाउंड टोनोमीटर नावाचं पेनासारखं हातातलं यंत्र जवळ आणतात. त्याची बारीक सळई कॉर्नियाला क्षणभर टेकून मागे येते. सुन्न करायचे ड्रॉप्स लागत नाहीत. बाळ पापणी फडफडवतं आणि पुन्हा प्यायला लागतं. सहा वेळा टिक-टिक झाली की सरासरी आकडा येतो. घरी आदल्या दिवशी पेनाच्या टोपणाने 'टिक' खेळून ठेवलेली दोन-तीन वर्षांची मुलंही हे सहज करू देतात. पापणी उघडताना बोटाचा दाब डोळ्यावर पडला तरी आकडा चढतो, हे लक्षात ठेवा आणि शंका आली तर विनासंकोच पुन्हा मोजायला सांगा.

जमलंच नाही तर भूल देऊन तपासणी करतात. आईवडील याला घाबरतात, पण एकाच भुलीत दाब, कॉर्नियाची रुंदी आणि जाडी, डोळ्याची लांबी, नंबर, नस असं सगळं बघून होतं. आदल्या रात्री काय आणि कधीपर्यंत द्यायचं हे भूलतज्ज्ञ सांगतील. साधारण नियम असा: वरचं दूध आणि अन्न सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. 'बाळ रडत होतं म्हणून दोन बिस्किटं दिली' हे लपवू नका, भुलीत ती उलटून फुप्फुसात जातात. भुलीच्या काही औषधांनी दाब कमी दिसतो, म्हणून भुलीतला आणि जागेपणीचा आकडा वहीत वेगवेगळे लिहा.

१० ते २१ हा साधारण नेहमीचा दाब. पण मोतीबिंदू काढलेल्या मुलांचा कॉर्निया बरेचदा जाड असतो, आणि जाड कॉर्नियावर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणून २४ आला तर लगेच रडारड नको, आणि 'जाड कॉर्नियामुळे असेल' म्हणून सोडूनही देऊ नका. नस, नंबर, लांबी, रुंदी हे सगळं एकत्र बघूनच निर्णय होतो. तेवढ्यापुरतं 'काचबिंदूचा संशय' असं लिहिलं जाईल. तपासण्या लवकर लवकर होतील, एवढाच त्याचा अर्थ.

घरी काय बघायचं

तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा डोळा मऊ असतो, दाबाने तो फुगतो. त्यामुळे उजेडात डोळे मिटून घेणं, सारखं पाणी गळणं, कॉर्निया निळसर धुरकट दिसणं, बुबुळ मोठं होणं ही लक्षणं दिसू शकतात. 'किती मोठे, टपोरे डोळे आहेत!' असं कौतुक या मुलांच्या बाबतीत शेजारणीने केलं तर आईने ते हसण्यावारी नेऊ नये. जन्मतः कॉर्निया साधारण १० मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या वर्षात तो १२ च्या पुढे गेला, किंवा कुठल्याही वयात १३ च्या पुढे, तर काचबिंदूचा विचार होतोच.

इथे एक मेख आहे. मोतीबिंदूच्या बऱ्याच बाळांचा डोळा मुळात लहान असतो, कॉर्निया ९ च्या आसपास. दाब वाढून तो वर्षभरात ११.५ झाला तर बघणाऱ्याला डोळा अगदी नॉर्मल वाटतो. लहान डोळा 'वाढून बरोबरीला आला' म्हणून घरचे खूश, आणि खरं तर तो ताणला गेलेला असतो. म्हणूनच पहिल्या दिवसाचं माप फाईलमध्ये हवं.

महिन्यातून एकदा, खिडकीजवळ, दोन हातांच्या अंतरावरून, चष्मा काढून, समोरून दोन्ही डोळ्यांचा फोटो घ्या. एकाच अल्बममध्ये ठेवा. रोज बघणाऱ्याला न दिसणारा बदल सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

तीन-चार वर्षांनंतर मात्र डोळ्याची भिंत घट्ट होते. दाब वाढला तरी डोळा मोठा होत नाही, दुखत नाही, लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही. या वयात घरी बसून काचबिंदू ओळखता येत नाही, तेव्हा तपासणीची तारीख हीच एक खूण समजायची.

प्लसचा नंबर भराभर उतरतोय?

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा झाला तर तो हा. लेन्स न बसवलेल्या तान्ह्या बाळाला +२० च्या आसपासचा किंवा त्याहून मोठा नंबर असतो. काचा भिंगासारख्या जाड. सहा महिन्यांनी आई आनंदाने सांगते, 'मॅडम, नंबर निम्म्यावर आला! चष्मा किती हलका झालाय बघा.' समोरची व्यक्ती अभिनंदन न करता फाईल चाळायला लागते, ते का, हे तिला कळत नाही.

बाळाचा डोळा वाढतो तसा प्लसचा नंबर उतरतो, हे बरोबर. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३ ते २४, आणि यातली बरीच वाढ पहिल्या दीड-दोन वर्षांत होते. पण दाबाने डोळा लांबट ताणला गेला तरी नंबर उतरतो, आणि तो फार वेगाने उतरतो. आत लेन्स असलेल्या मुलात हेच मायनसचा नंबर झपाट्याने वाढण्याच्या रूपात दिसतं. तेव्हा नंबर किती उतरला यापेक्षा किती दिवसांत उतरला ते महत्त्वाचं. तीन महिन्यांत पाच-सहाने उतरला, किंवा दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना एकाच डोळ्याचा उतरला, तर चष्म्याच्या दुकानातून परस्पर नवी काच करून घेऊ नका. आधी दाब आणि लांबी मोजून घ्या. वहीत नंबरचा रकाना ठेवायला सांगितला तो यासाठी.

निदान झालंच तर

बहुतेक वेळा सुरुवात ड्रॉप्सनी होते. टिमोलॉल, डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड, लॅटानोप्रोस्ट ही नेहमीची नावं. ही औषधं आजार बरा करत नाहीत, दाब खाली ठेवतात. म्हणून 'कोर्स पूर्ण झाला' असं इथे काही नसतं.

टिमोलॉलने लहान मुलांत दम लागू शकतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. बाळाला दमा असेल, छातीत घरघर होत असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदयाचा दोष असेल तर ते सुरू करण्याआधी सांगा. सर्दी-खोकल्यात छाती वाजायला लागली तर डोळ्याच्या आणि मुलांच्या, दोन्ही डॉक्टरांना फोन करा. मुलांच्या डॉक्टरांना ड्रॉप्सबद्दल माहीतच नसतं, कारण 'डोळ्याचं औषध' हे आपण औषध म्हणून मोजत नाही.

दुसरं नाव मात्र पाठ करून ठेवा: ब्रिमोनिडिन. मोठ्या माणसांच्या काचबिंदूत हे सर्रास देतात, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नसतं. बाळ गुंगतं, श्वास थांबू शकतो. त्यानंतरची काही वर्षंही जपूनच. ते टिमोलॉलबरोबर एकाच बाटलीतही मिळतं. तेव्हा बाटलीवरचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ब्रँडवर न जाता खालच्या बारीक अक्षरांत वाचा. आजोबांच्या काचबिंदूची बाटली आणि नातवाची बाटली एका कपाटात ठेवू नका, मेडिकलवाल्याने 'हे नाही, हे घ्या, तेच आहे' म्हटलं तर आधी डॉक्टरांना फोटो पाठवा.

ड्रॉप्सनी भागलं नाही तर ऑपरेशन. कोपऱ्यातली जाळी उघडणारी ऑपरेशनं काही मुलांत करतात. द्रवाला नवी वाट करून देणारं ट्रॅबेक्युलेक्टॉमी हे एक. पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत बरेचदा नळी बसवावी लागते. डोळ्याच्या आतून बारीक नळी निघते आणि पापणीखाली लपलेल्या छोट्या पट्टीकडे द्रव नेते. अहमद व्हॉल्व्ह हे एक नाव तुम्ही ऐकाल. दुसरं मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेलं, परदेशी नळीपेक्षा बरंच स्वस्त. या दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह नसतो. म्हणून सुरुवातीला नळी टाक्याने बांधून ठेवतात आणि टाका साधारण सहा आठवड्यांत विरघळतो. तोवर दाब चढाच राहिला तर ऑपरेशन फसलं असं समजून दुसरीकडे धावू नका. आणि टाका सुटायच्या सुमाराची तपासणी मात्र अजिबात चुकवू नका, कारण तेव्हा दाब एकदम घसरू शकतो. लेझरने द्रव बनवणारा भागच काही प्रमाणात जाळण्याचा मार्ग सहसा बाकीचे उपाय थकल्यावर येतो.

अशा डोळ्याला पुढे कधीही, दहा वर्षांनी का होईना, लाली आणि चिपड आली तर 'डोळे आलेत' म्हणून घरी थांबायचं नाही, तो संसर्ग आत जाऊ शकतो. मूल काँटॅक्ट लेन्स वापरत असेल तर ऑपरेशनआधी विचारा, पुढे ती चालेल का. अनेकदा चष्म्यावर यावं लागतं.

या सगळ्या धावपळीत चांगल्या डोळ्यावर पट्टी लावणं आणि चष्मा मागे पडतो. दाब १५ वर आणला आणि पट्टी सोडून दिली तर नस शाबूत असलेला पण न बघणारा डोळा हाती राहतो. पट्टीचे तास डॉक्टरांनी सांगितले तेवढे चालूच ठेवा.

शाळा आणि पुढे

सात-आठ वर्षांचं मूल नजरेच्या परिघाची तपासणी द्यायला तयार होतं. त्यात समोर बघत राहायचं आणि कडेला दिवा दिसला की बटण दाबायचं असतं. पहिली वेळ बहुतेक वाया जाते, मुलं दिव्यामागे बघतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेचा निकाल विश्वासाचा. नसेच्या थरांचा ओसीटी फोटोही याच वयात नीट येतो. आधी आत लेन्स न बसवलेल्या डोळ्यात पुढे ती बसवण्याचं ठरलं तर त्या ऑपरेशननंतर दाबाच्या तपासण्या पुन्हा जवळजवळ कराव्या लागतात, जुनं वेळापत्रक चालत नाही. क्रिकेटच्या चेंडूपासून जपण्यासाठी चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, एकच डोळा चांगला असेल तर नक्कीच.

सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर मुलगा शिकायला पुण्याला जातो, हॉस्टेलवर ड्रॉप्स राहून जातात, फाईल गावी. दहावीपासूनच ड्रॉप्सची आणि तारखांची जबाबदारी हळूहळू त्याच्यावर टाका. स्वतःच्या आजाराचं नाव, कोणत्या डोळ्याचं काय ऑपरेशन झालं आणि शेवटचा दाब किती होता, हे त्याला कागद न बघता सांगता आलं पाहिजे.

मध्येच तपासण्या सुटल्या असतील, दोन वर्षं किंवा आठ वर्षं, तर आता गेलो की ओरडा बसेल म्हणून टाळू नका. ओरडा बसला तर बसू द्या. जे कागद सापडतील ते घ्या, चालू आणि जुना दोन्ही चष्मे घ्या (जुन्या काचेवरूनही नंबर मोजता येतो), आणि 'लहानपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दाब, कॉर्नियाची जाडी आणि नस बघायची आहे' असं नाव नोंदवतानाच सांगा. नुसतं 'चष्म्याचा नंबर काढायचाय' म्हटलंत तर नंबर काढून मोकळे करतील.